रेस दिली की स्पीकरमधून शीळ: जुन्या गाडीत नवा सेट बसवल्यावर पुन्हा पुन्हा येणारा आवाज

जुन्या गाडीतला मूळचा कॅसेटवाला सेट काढला. त्या जागी नवा सेट, डिकीत चार चॅनेलचा अॅम्प (सेटचा सिग्नल वाढवून स्पीकरला देणारा अॅम्प्लिफायर) आणि दारांत नवे स्पीकर बसवले. इंजिन बंद ठेवून गाणं लावलं तेव्हा सुरेख वाजलं. मग सेल्फ मारला आणि गाण्यामागून एक बारीक शीळ ऐकू यायला लागली. रेस दिली की चढायची, सोडली की उतरायची. आवाज अगदी शून्यावर नेला तरी ती जागच्या जागी.

माझ्या गाडीत ही शीळ तीन वेळा गेली आणि तीन वेळा परत आली. दर वेळी मला वाटलं की आता सुटलं. चौथ्यांदा खरं कारण सापडलं, ते मी शेवटपर्यंत न बघितलेल्या जागी होतं. खाली सांगतो त्या क्रमाने शोधलं असतं तर एका दुपारीत काम झालं असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी आवाज ओळखा

सगळेच नको असलेले आवाज एका कारणाने येत नाहीत. इंजिन बंद असतानाही एकसारखा "हिस्स" येत असेल तर बहुतेक वेळा अॅम्पचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) गरजेपेक्षा जास्त ठेवलेला असतो. रेसबरोबर वेग धरणारी "टिक-टिक" असेल तर संशय इग्निशनवर. प्लगच्या जुन्या वायरी, रेझिस्टर नसलेले प्लग किंवा डिस्ट्रिब्युटरचं झाकण बघा. ती रेडिओवर ऐकू येते आणि पेनड्राइव्हवर नाही, असं असेल तर अँटेनाच्या वाटेने येते आहे. इंजिनच्या वेगाशी काही संबंध नसलेली घरघर पेट्रोल पंपाची असू शकते.

या लेखाचा विषय मात्र शीळ आहे. इंजिनच्या वेगाबरोबर सूर चढणारी, हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावला की आणखी ठळक होणारी. ती आल्टरनेटरची, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून गाडीला वीज देणाऱ्या जनरेटरची असते. आल्टरनेटर आतून तीन फेजची एसी वीज तयार करतो आणि प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे सहा डायोड तिची डीसी करतात. ही डीसी अगदी सपाट नसते, तिच्यावर बारीक लहरी उरतात. १२ ध्रुवांचा आल्टरनेटर आणि इंजिनच्या अडीचपट फिरणारी पुली धरली, तर ८०० आरपीएमला या लहरी सेकंदाला सुमारे १,२०० येतात आणि ३,००० आरपीएमला सुमारे ४,५००. आपला कान नेमका याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणून काही मिलिव्होल्टचा गोंगाटही इतका बोचतो.

लाइट लावल्यावर शीळ का वाढते, तर आल्टरनेटरवर भार पडला की त्याचा प्रवाह वाढतो आणि त्याबरोबर लहरीही. हे लक्षात ठेवा, तपासताना हेडलाइट आणि ब्लोअर चालूच ठेवायचे.

माझे तीन चुकलेले उपाय

पहिल्यांदा मी अॅम्पचं अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडायची जागा, बदललं. ते मागच्या सीटच्या बोल्टवर घेतलं होतं आणि खाली रंग तसाच होता. दुसरी जागा निवडून रंग खरवडला, लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) नीट दाबून बसवला आणि शीळ गेली. काम योग्यच होतं, पण दोन महिन्यांत शीळ परत आली.

दुसऱ्यांदा सेटचा सिग्नल अॅम्पकडे नेणाऱ्या आरसीए वायरींच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाकला. यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल चुंबकीय मार्गाने पुढे जातो आणि अर्थची सलग वाट तुटते. शीळ गेली, पण ढोलकीची थाप पोकळ वाटायला लागली. छोट्या ट्रान्सफॉर्मरला खालचे सूर झेपत नाहीत. ज्या बाससाठी एवढा खटाटोप केला तोच गेला, म्हणून आयसोलेटर काढला आणि शीळ पुन्हा सुरू झाली.

तिसऱ्यांदा ती एका सकाळी अचानक किंचाळल्यासारखी मोठी झाली. या वेळी सेट दुरुस्तीला दिला. काही सेटमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याला बोर्डाच्या अर्थशी जोडणारा एक अतिशय बारीक फ्यूज असतो, तो उडाला होता. तो बदलून आणला, शीळ जवळजवळ गेली. तीन महिन्यांनी तोच फ्यूज पुन्हा उडाला.

इथे मी थांबलो. सिग्नलच्या वायरीच्या कवचातून, म्हणजे बाहेरच्या जाळीतून, फ्यूज उडण्याइतका प्रवाह जायचं कारणच काय? त्या कवचाचं काम सिग्नलला परतीची वाट देणं, तीही मायक्रोअँपिअरमध्ये मोजायच्या प्रवाहाची. तिथून अँपिअर वाहत असतील तर सेट किंवा अॅम्प, दोघांपैकी एकाला स्वतःचं अर्थ मिळत नाही आणि तो दुसऱ्याच्या अर्थवर जगतो आहे. अॅम्पचं मी पहिल्याच वेळी स्वच्छ केलं होतं. राहिला सेट.

शोधायचं कसं

आधी साधे हात-उपाय, यांना मीटर लागत नाही.

सेट बंद करून अॅम्पच्या बाजूच्या आरसीए काढा आणि फक्त अॅम्प चालू ठेवा. अॅम्पच्या रिमोट टर्मिनलला (जिथे व्होल्ट मिळाले की अॅम्प चालू होतो) फ्यूज असलेल्या छोट्या वायरीने १२ व्होल्ट दिले की झालं. इंजिन सुरू करून ऐका. शीळ अजूनही असेल तर दोष अॅम्पच्या स्वतःच्या पॉवर किंवा अर्थमध्ये आहे, किंवा स्पीकरची एखादी वायर दाराच्या पत्र्याला टेकते आहे. शीळ गेली असेल तर अॅम्प निर्दोष आणि मामला पुढे सरकला.

मग अॅम्पच्या त्याच इनपुटला मोबाइल किंवा छोटा प्लेअर जोडा. तो त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालला पाहिजे. गाडीच्या चार्जरला लावलात तर त्याच वाटेने गाडीचा अर्थ आत येतो आणि तपास फसतो. प्लेअरवर आवाज स्वच्छ आणि सेटवर शीळ असेल तर सेट आणि अॅम्प यांच्या अर्थमध्ये फरक आहे आणि त्या फरकाने आरसीएच्या कवचातून प्रवाह फिरतो आहे, याला ग्राउंड लूप म्हणतात. मी पाहिलेल्या जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा इथेच येऊन थांबायला होतं.

आता सेटच्या मागून अँटेनाची पिन काढून बघा. अँटेनाच्या वायरीचं कवच छतावर किंवा फेंडरवर बॉडीला जोडलेलं असतं, म्हणजे तीही सेटला मिळणारी एक चोरवाट असते. पिन काढल्यावर शीळ बदलली, कमी किंवा जास्त काहीही झाली, तरी सेटच्या अर्थवर तुमचा संशय पक्का समजा.

एक सूचना, आणि ती खरोखर गांभीर्याने घ्या. सेट किंवा अॅम्प चालू असताना आरसीए काढू-घालू नका आणि अॅम्पची अर्थ वायर कधीही सोडू नका. अॅम्पचा अर्थ सुटला आणि पॉवर चालू राहिली तर त्याचा सगळा प्रवाह आरसीएच्या कवचातून सेटकडे धावतो. तो बारीक फ्यूज तेवढ्याने जातो. वायरींना हात लावायचा असेल तेव्हा आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा.

मीटर, पण ओहमवर नाही

अर्थ तपासायला बहुतेक जण मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक बॉडीला आणि एक वायरीला लावतात. ०.३ ओहम दिसलं की समाधान मानतात. मीही तेच केलं होतं. त्यातले ०.२ ते ०.५ ओहम मीटरच्या स्वतःच्या वायरींचेच असतात, आणि आपल्याला ज्याचा शोध आहे तो दोष त्याहून कितीतरी लहान असतो. अॅम्प २० अँपिअर घेत असेल आणि सांध्यात ओहमचा शंभरावा भाग जरी रोध असला, तरी तिथे ०.२ व्होल्ट पडतात. सिग्नलच्या दृष्टीने ०.२ व्होल्ट म्हणजे डोंगर. ओहमच्या रेंजवर हा डोंगर दिसणारच नाही.

म्हणून वीज वाहत असताना व्होल्ट मोजायचे. मीटर डीसी २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे. पिन पोचत नसेल तर लांब वायर जोडून घ्या. इंजिन चालू, हेडलाइट चालू, ब्लोअर जोरात, गाणं मोठ्याने. आता लाल पिन अॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर, मग अॅम्पच्या बोल्टजवळच्या उघड्या पत्र्यावर, मग सेटच्या धातूच्या खोक्यावर, मग इंजिनच्या ब्लॉकवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्याच्यावर जिथे उडी दिसेल तिथे सांधा खराब. टर्मिनल आणि पत्रा यांच्या आकड्यांत मोठा फरक असेल तर दोष लग किंवा बोल्टमध्ये. दोन्हीकडे सारखाच मोठा आकडा असेल तर दोष पुढे, बॉडीपासून बॅटरीपर्यंतच्या पट्टीत. जुन्या गाडीत ही पट्टी आणि इंजिन ते बॉडी जाणारी जाळीची पट्टी, दोन्ही बाहेरून धड दिसतात आणि लगच्या आत हिरव्या पडलेल्या असतात.

माझ्या गाडीत अॅम्पजवळ ०.०४ व्होल्ट आले. सेटच्या खोक्यावर ०.३८. वाईट, पण फार भयंकर वाटलं नाही. मग एक गोष्ट सुचली. सेट बंद करून आरसीए आणि अँटेना दोन्ही काढल्या, सेट पुन्हा चालू केला आणि तोच बिंदू मोजला: १.१ व्होल्ट. म्हणजे आधीचे ०.३८ हे चोरवाटेच्या मदतीने दिसत होते; फ्यूज उडालेला असल्याने या वेळी ती अँटेनाची होती. फ्यूज शाबूत होता तोवर आरसीएचं बिचारं कवचही सेटचा आणि आणखी कोणाचा तरी प्रवाह डिकीपर्यंत वाहून नेत होतं. सेटचा अर्थ मोजताना आरसीए आणि अँटेना काढूनच मोजा, नाहीतर आकडा खोटा दिलासा देतो.

"आणखी कोणाचा तरी" म्हणजे कोणाचा, हे ब्लोअरने सांगितलं. ब्लोअर बंद केला की १.१ चे ०.१ झाले.

खरं कारण

जुना सेट मागच्या बाजूला एका बोल्टने लोखंडी पट्टीला घट्ट बांधलेला होता. काढताना मला ती फक्त आधाराची पट्टी वाटली होती. प्रत्यक्षात तीच त्याची मुख्य अर्थ वायर होती. नवा सेट प्लास्टिकच्या फ्रेममध्ये बसला, मागचा बोल्ट राहून गेला, आणि अर्थसाठी उरली ती फक्त हार्नेसमधली, म्हणजे सेटच्या मागच्या वायरींच्या जुडग्यातली, बारीक काळी वायर. ती डॅशबोर्डच्या खाली, पायाजवळच्या पॅनलमागे एका बोल्टवर जात होती. त्याच बोल्टवर ब्लोअर, लायटर आणि आणखी दोन वायरी. बोल्टाखाली गंजाची पावडर.

सांध्यात साधारण ओहमचा दहावा भाग रोध झाला होता. ब्लोअरचे दहा अँपिअर त्यातून परत जायचे, व्होल्ट चढायचे, आणि सेटचा अर्थ त्यांच्याबरोबर वर जायचा. प्रवाह सोप्या वाटेने जातो. ती सोपी वाट आरसीएच्या कवचाची होती. गंज जसा वाढला तसा कवचातला प्रवाह वाढला, आणि तो बारीक फ्यूज दोनदा गेला. पहिल्यांदा अॅम्पचं अर्थिंग सुधारल्यावर शीळ का गेली होती, तेही आता कळलं. तेव्हा गंज कमी होता आणि दोन दोषांपैकी एक काढल्याने उरलेला ऐकू येण्याच्या खाली गेला होता.

उपाय असा केला. सेटच्या काळ्या वायरीला हार्नेसमधून सोडवलं आणि २.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर जोडून डॅशबोर्डमागच्या लोखंडी बीमवर, स्वतंत्र बोल्टवर नेली. वायर फूटभरच होती. सेटच्या मागच्या बोल्टवरून दुसरी छोटी पट्टी त्याच जागी. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, लग दाबून झाळून घेतला, दातेरी वॉशर घातला, आवळल्यावर वरून ग्रीस लावलं. ब्लोअरचा बोल्टही साफ केला, त्याला स्वतःचा हक्क आहेच. मग फ्यूज बदलला. आता आरसीए काढूनही सेटच्या खोक्यावर ०.०२ व्होल्ट येतात.

फ्यूज उडाला आहे की नाही हे स्वतः तपासता येतं. बॅटरीची निगेटिव्ह सोडून, आरसीए काढून, सेटच्या आरसीए सॉकेटचं बाहेरचं कडं आणि सेटचं खोकं यांच्यात ओहम मोजा. इथे ओहमची रेंज चालते, कारण प्रश्न वाट आहे की तुटली एवढाच आहे. एका ओहमच्या आत असेल तर शाबूत. बरेच जण कड्यावरून खोक्याला एक वायर झाळून काम भागवतात, तेही चालतं. पण आधी सेटचा अर्थ दुरुस्त करा, नाहीतर तोच प्रवाह आता विनाअडथळा आरसीएतून जाईल आणि पुढचं नाजूक काहीतरी जळेल.

हे करूनही शीळ राहिली तर

आल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असू शकतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन आणि हेडलाइट चालू असताना बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये मोजा. निरोगी आल्टरनेटरला ०.१ च्या खाली आकडा येतो, ०.५ च्या वर गेला तर डायोड संशयित. काही साधे मीटर एसी रेंजवर डीसीही मोजतात आणि तीसेक व्होल्ट दाखवतात, पिना उलट केल्या की शून्य. असं दिसलं तर तो मीटर या कामाचा नाही. डायोड गेला असेल तर कुठलाही फिल्टर लावून फायदा नाही, आल्टरनेटरच उघडावा लागेल.

गेनकडेही बघा. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, सेटचा सिग्नल आणि अॅम्प यांचा मेळ घालणारा स्क्रू आहे. तो शेवटपर्यंत फिरवला की अॅम्प साधारण ०.२ व्होल्टलाच पूर्ण ताकद देतो. अशा वेळी १० मिलिव्होल्टचा गोंगाट म्हणजे पूर्ण सिग्नलचा विसावा भाग. तोच गेन २ व्होल्टवर आणला तर गोंगाट दोनशेवा भाग होतो. सेटचा आवाज पाऊण भागावर नेऊन, गाणं फाटायला लागेपर्यंत गेन हळूहळू वाढवायचा आणि तिथून थोडा मागे घ्यायचा.

आरसीए आणि पॉवरची वायर गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या, हा सल्ला सगळीकडे मिळतो. चांगली सवय आहे, मीही तसंच केलं आहे. पण शीळ येते म्हणून आधी सगळं कार्पेट उचलून वायरी बदलायला जाऊ नका. शेजारून जाणाऱ्या वायरीपेक्षा अर्थमधल्या फरकाने शीळ येण्याची शक्यता कितीतरी जास्त.

जुन्या गाडीचे आणखी दोन सापळे सांगतो, कारण ते शीळ म्हणून समोर येत नाहीत पण सेट जाळतात. काही जुन्या गाड्यांत प्रत्येक स्पीकरला एकच वायर असते आणि दुसरं टोक थेट बॉडीला. आजच्या सेटच्या आउटपुटच्या दोन्ही वायरींवर साधारण सहा व्होल्ट असतात, त्यांतली एकही बॉडीला लागता कामा नये. सेटचा प्लग काढून, स्पीकरच्या प्रत्येक वायरीपासून बॉडीपर्यंत मीटर लावा. वाट सापडली तर नव्या दोन-दोन वायरी ओढण्याला पर्याय नाही. दुसरं, १९६० च्या दशकापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बॉडीला असते. काहीही जोडण्याआधी बॅटरीवर पाहून घ्या.

आणि बॅटरीपासून अॅम्पकडे निघणाऱ्या पॉवर वायरीवर, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. जुन्या गाडीत फायरवॉलचं (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याचं) रबर कडक होऊन तुटतं, तिथे वायर पत्र्यावर घासते, आणि त्या वाटेत फ्यूज नसेल तर आग लागते. शीळ शोधायला बोनेट उघडलंच आहे तर तेवढंही बघून घ्या.

दुरुस्ती झाली त्या दिवशीचे तीन आकडे मी अॅम्पच्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवले आहेत: अॅम्पचं अर्थ टर्मिनल ०.०४, आरसीए आणि अँटेना काढून सेटचं खोकं ०.०२, इंजिनचा ब्लॉक ०.०३. सहा महिन्यांनी पुन्हा मोजले तेव्हा सेटचा आकडा हललेला नव्हता. ब्लॉकचा ०.०७ झाला होता, आणि इंजिनची जाळीची पट्टी मी शीळ येण्याआधीच बदलली.